मामांची डिझेल अॅम्बेसेडर

१९५७ साली उत्तरपाड्याहून निघालेली अॅम्बेसेडर मूळची विलायती मॉरिस ऑक्सफर्ड. पण तेव्हा भंडारा जिल्ह्यात असलेल्या आमच्या गोंदियात येईस्तोवर ती अगदी घरची सून झाली होती! १९७३ नंतर पेट्रोल भडकलं आणि ठिकठिकाणच्या मिस्त्र्यांनी तिचं इंजिन उतरवून डिझेलचं चढवायचा सपाटा लावला. कारखान्याची डिझेल गाडी यायला १९८० चा सुमार उजाडला. आमचे मामा इतके कुठले थांबायला!

चेनकप्पीला लटकवून मिस्त्रीनं जुनं वजनदार इंजिन आत बसवलं. ‘‘साहब, अब हवा से बात करेगी!’’ ब्रेकबद्दल मात्र कोणीच बोललं नाही. ते पूर्वीचेच, ड्रमचे.

देवरीजवळच्या मासुलकसा घाटात उतरताना गाडी खरोखरच हवेशी बोलू लागली. सारखा ब्रेक दाबून ड्रम तापले, प्रसरण पावले आणि पॅडल पार तळाला टेकलं. मागे मामींची रामरक्षा सुरू. मामांनी कसाबसा दुसरा गिअर टाकला, तेव्हा इंजिननंच गाडी मागे ओढली. ज्यानं घात केला, त्यानंच वाचवलं!

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की इंजिन बदलायचं तर आधी परवानगी घ्या. मामींचा कायदा त्याआधीचा. ‘‘थांबता येते का ते पहा, मग पळा.’’ पुढे भाच्यांसाठी आलेल्या स्थळांनाही त्यांनी तोच लावला.