सौद्यातली माणसे : बेसबॉलमधील विषम अदलाबदलींची कहाणी

अमेरिकेत बेसबॉलच्या जाणकारांपुढे ‘ब्रोलिओच्या बदल्यात ब्रॉक’ एवढे म्हटले की पुढचे काही सांगावे लागत नाही. हिरा देऊन गारगोटी घेतली, असा त्याचा अर्थ. गंमत अशी की, १५ जून १९६४ रोजी शिकागो कब्ज आणि सेंट लुईस कार्डिनल्स या संघांत हा सौदा झाला, तेव्हा हिरा आपल्याच पदरात पडला असे शिकागोतल्या पुष्कळांना वाटत होते.

आपल्याला खेळाडूंचा बाजार ठाऊक झाला तो २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत झालेल्या आयपीएलच्या पहिल्या लिलावामुळे. तिथे खेळाडू आपणहून बोलीसाठी उभा राहतो. बेसबॉलमधली अदलाबदल निराळी आणि फार जुनी. दोन संघ आपापल्या खेळाडूंचे करार एकमेकांना देतात. कागदोपत्री हस्तांतर होते ते कराराचे. पण कराराच्या मागोमाग माणसाला जावे लागते. अशा हजारो सौद्यांपैकी काही इतके एकतर्फी ठरले की त्यांच्या दंतकथा झाल्या. त्या नीट तपासल्या, तर ‘फसलेला सौदा’ म्हणजे केवळ मूर्खपणा नव्हे, हे ध्यानात येते.

सर्वांत गाजलेली कथा बेब रूथची. खरे तर ती अदलाबदल नव्हे, रोख विक्री. रूथ बोस्टन रेड सॉक्सचा उत्तम पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. हळूहळू तो फलंदाजीकडे वळला आणि १९१९ मध्ये त्याने २९ होम रन मारून विक्रम केला. त्याच वर्षाच्या अखेरीस मालक हॅरी फ्रेझी यांनी त्याला न्यूयॉर्क यांकीजला १ लाख डॉलरला विकले. ५ जानेवारी १९२० रोजी ही बातमी जाहीर झाली. शिवाय यांकीजचे मालक जेकब रूपर्ट यांनी फ्रेझींना ३ लाख डॉलरहून अधिक कर्ज दिले आणि त्याला तारण होते बोस्टनचे फेनवे पार्क मैदान! फ्रेझी मूळचे नाट्यनिर्माते. त्यांना पैशाची निकड होती आणि रूथ वर्षाला २० हजार डॉलर मागून बसला होता.

पुढच्याच मोसमात रूथने ५४ होम रन मारले. बोस्टनच्या साऱ्या संघाने मिळून मारले २२. तोवर एकदाही अजिंक्यपद न मिळालेल्या यांकीजने १९२३ मध्ये पहिले अजिंक्यपद पटकावले. १९१८ मध्ये जिंकलेल्या बोस्टनला मात्र पुढच्या विजयासाठी २००४ पर्यंत, तब्बल ८६ वर्षे थांबावे लागले. साहजिकच लोकांनी ‘शाप’ शोधून काढला. फ्रेझींनी ‘नो, नो, नॅनेट’ या संगीतिकेच्या खर्चासाठी रूथला विकले, असेही सांगितले जाऊ लागले. ती संगीतिका न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आली १९२५ मध्ये, म्हणजे विक्रीनंतर पाच वर्षांनी. ज्या नाटकावरून ती बेतली, ते मात्र फ्रेझींनी १९१९ च्या डिसेंबरात रंगमंचावर आणले होते. दंतकथेने नेमका हा धागा उचलला आणि तारखा सैल सोडल्या.

रूथची विक्री पैशाच्या अडचणीतून झाली. त्याआधी वीस वर्षांपूर्वीचा क्रिस्टी मॅथ्यूसनचा सौदा संशयास्पद वाटतो. डिसेंबर १९०० मध्ये सिनसिनाटी रेड्सने या तरुण पिचरला न्यूयॉर्क जायंट्सकडे पाठवून एमस रूसीला घेतले. रूसी एके काळचा अत्यंत वेगवान पिचर. पण आधीची दोन वर्षे तो खेळलाच नव्हता. सिनसिनाटीकडून तो जेमतेम तीन सामने खेळला. मॅथ्यूसनने कारकिर्दीत ३७३ विजय मिळवले, त्यांतले ३७२ न्यूयॉर्ककडून. हा निव्वळ आंधळेपणा म्हणावा, तर सिनसिनाटीचे मालक जॉन ब्रश यांचा पैसा न्यूयॉर्क संघातही गुंतलेला होता आणि थोड्याच वर्षांत ते त्या संघाचे मालक झाले. एका खिशातले नाणे दुसऱ्या खिशात गेले, असे कुणी म्हटले तर त्याला खोडून काढणे अवघड आहे.

तिसरे कारण वयाचा चुकलेला अंदाज. फ्रँक रॉबिन्सन हा सिनसिनाटीचा आधारस्तंभ. डिसेंबर १९६५ मध्ये संघाने त्याला बाल्टिमोर ओरिओल्सकडे धाडले आणि पिचर मिल्ट पापस याच्यासह तिघांना घेतले. रॉबिन्सन तिशीचा असला तरी वयाच्या मानाने थकलेला आहे, असे संघाचे प्रमुख बिल डेविट यांचे मत होते. १९६६ मध्ये या ‘थकलेल्या’ खेळाडूने सरासरी, होम रन आणि आणलेल्या धावा या तिन्ही बाबतींत आपल्या लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला आणि बाल्टिमोरने लॉस एंजेलिस डॉजर्सला सलग चार सामन्यांत हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली.

आता पुन्हा ब्रॉककडे वळू. लू ब्रॉक शिकागोत २५१ हजारांशाची, म्हणजे बेताची सरासरी राखून होता. अर्नी ब्रोलिओने आदल्याच वर्षी १८ सामने जिंकून दिले होते. तेव्हा शिकागोचा हिशोब चुकीचा नव्हता. पण सेंट लुईसचे व्यवस्थापक जॉनी कीन यांनी ब्रॉकला धावण्याची मोकळीक दिली. पिचरची नजर चुकवून पुढचा बेस गाठणे, ज्याला तिथे ‘बेस चोरणे’ म्हणतात, त्यात त्याचा हात धरणारा कुणी उरला नाही. उरलेल्या मोसमात त्याची सरासरी ३४८ झाली, सेंट लुईस त्याच वर्षी अजिंक्य ठरले आणि कारकिर्दीअखेर ब्रॉकच्या नावावर ९३८ चोरलेले बेस जमा झाले. ब्रोलिओचे कोपर मात्र दुखावलेले होते. मोसम संपल्यावर शस्त्रक्रिया झाली. शिकागोसाठी त्याने ७ सामने जिंकले, १९ हरले, आणि १९६६ नंतर तो मोठ्या लीगमध्ये दिसला नाही. म्हणजे ब्रॉक शिकागोतच राहता तर हाच ब्रॉक झाला असता का, हा प्रश्न उरतो. काही खेळाडू सौद्याआधी हिरा नसतातच. नवे गाव त्यांना पैलू पाडते.

आणि काही वेळा ‘फसलेला’ सौदा मुळात फसलेलाच नसतो. ऑगस्ट १९८७ मध्ये डेट्रॉइट टायगर्सने अटलांटा ब्रेव्हजकडून ३६ वर्षांचा डॉइल अलेक्झांडर घेतला आणि बदल्यात जॉन स्मोल्ट्झ नावाचा, अजून खालच्या लीगमध्ये खेळणारा वीस वर्षांचा पोरगा दिला. अलेक्झांडर डेट्रॉइटकडून उरलेल्या मोसमात ९ सामने जिंकला, एकही हरला नाही. संघाने मोसमाच्या शेवटच्या दिवशी आपल्या गटाचे विजेतेपद मिळवले. त्यासाठीच तर त्याला आणले होते. पुढे स्मोल्ट्झने २१३ विजय मिळवले आणि २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली, म्हणून आज हा सौदा हसण्यावारी नेला जातो. इतिहास वाचणाऱ्याला शेवटचे पान आधी ठाऊक असते. सौदा करणाऱ्याला नसते.

परंतु हा सारा जमाखर्च संघांचा झाला. सौद्याची खरी विषमता दोन संघांमध्ये नव्हतीच. ती संघ आणि खेळाडू यांच्यामध्ये होती. १८७९ पासून रुजत गेलेल्या ‘राखीव कलमा’नुसार करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राही. दुसरीकडे खेळायचे तर मालकाने सोडले पाहिजे. पाठवले तर गेले पाहिजे, नाहीतर खेळ सोडला पाहिजे. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नाही, असा निर्वाळा देऊन मक्तेदारीविरोधी कायद्यातून या धंद्याला मोकळे केले होते.

या कलमाला आव्हान देणारा माणूस ब्रॉकच्याच शेजारी मैदानात उभा राहत असे. कर्ट फ्लड. १९५७ मध्ये, १९ वर्षांचा असताना, सिनसिनाटीने त्याला सेंट लुईसला देऊन टाकले होते; तो सौदाही आज विषम सौद्यांच्या याद्यांत आढळतो. बारा मोसमांनंतर, ऑक्टोबर १९६९ मध्ये, त्याला फिलाडेल्फियाला पाठवल्याचे कळवण्यात आले. वर्षाला ९० हजार डॉलर मिळवणाऱ्या या कृष्णवर्णीय खेळाडूने आयुक्त बोवी क्यून यांना पत्र लिहून कळवले, की आपण खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही. मग तो न्यायालयात गेला. निवृत्त झालेल्या जॅकी रॉबिन्सनने त्याच्या बाजूने साक्ष दिली. खेळत असलेला एकही खेळाडू सुनावणीला आला नाही. जून १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांच्या निकालपत्रात बेसबॉलच्या थोरवीचा गौरव आणि ऐंशीहून अधिक जुन्या खेळाडूंची नावे आहेत. समोर उभ्या असलेल्या खेळाडूला मात्र त्यातून काही मिळाले नाही. तोवर त्याची कारकीर्दही संपली होती.

हरलेल्या या लढ्याने वाट मात्र मोकळी केली. डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या प्रकरणात राखीव कलमाचा कणा मोडला. त्याआधीच, १९७३ च्या करारात, एक छोटा नियम आला होता : मोठ्या लीगमध्ये दहा वर्षे आणि त्यांतली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय कुठेही पाठवता येणार नाही.

फ्लडने सेंट लुईसमध्ये बारा मोसम काढले होते. हा नियम चार वर्षे आधी आला असता, तर त्याला पत्र लिहावे लागले नसते, न्यायालयात जावे लागले नसते. ‘नाही’ एवढा एक शब्द पुरला असता.