वळिवड्याच्या छावणीतील मॅट्रिकचा वर्ग



कोल्हापूरहून मिरजेकडे आगगाडी निघाली, की थोड्याच वेळात वळिवडे नावाचं एक लहानसं स्टेशन लागतं. शेजारी गांधीनगर आहे. लग्नाचा बस्ता बांधायला आपल्यापैकी पुष्कळजण तिथे जाऊन आले असतील. कापडाच्या दुकानांनी गजबजलेल्या या जागेवर एके काळी एक हायस्कूल होतं आणि त्या हायस्कुलात मराठी चालत नसे, कानडी नाही, की गुजरातीही नाही. तिथली मुलं इतिहास, गणित, व्याकरण सारं पोलिश भाषेतून शिकत होती. हे १९४३ ते १९४८ या काळात घडलं. त्या शाळेतून शेवटची परीक्षा देऊन बाहेर पडलेल्या मुलांची हकीगत आज मला सांगायची आहे.

पोलंड हा युरोपातला देश. आपल्यापासून हजारो मैल दूर. तिथली मुलं पंचगंगेच्या काठी आली कशी? तर युद्धामुळे. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर चाल केली आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएट रशियाची फौज पूर्वेकडून आत शिरली. देशाचे दोन तुकडे झाले. सुटी संपून शाळा उघडायच्या बेतात होत्या, त्या सुमाराची ही गोष्ट.

१२ वर्षांचा एक मुलगा डोळ्यांपुढे आणा. तिकडच्या पद्धतीप्रमाणे सहा यत्ता झाल्या, की चार वर्षांचं हायस्कूल, ज्याला ते गिम्नाझियम म्हणतात, आणि त्यापुढे दोन वर्षांचं लिसियम. अखेरीस जी परीक्षा, तिचं नाव मातुरा. आपल्याकडे जुन्या काळी मॅट्रिकला जो मान होता, तोच तिकडे या परीक्षेला. आमच्या या मुलाने गिम्नाझियमच्या पहिल्या वर्गात पाऊल ठेवायचं, तोच सारं विस्कटलं. १० फेब्रुवारी १९४० च्या रात्री, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, पूर्व पोलंडमधल्या घरांची दारं ठोठावली गेली. चीजवस्तू गोळा करायला जेमतेम वेळ दिला आणि बायकापोरांसकट माणसं मालगाडीच्या डब्यांत भरून सैबेरियाकडे रवाना केली. पुढल्या सव्वा वर्षात असे आणखी तीन फेरे झाले. कागदोपत्री सापडणारा आकडाच तीन लाखांच्या वर आहे.

तिथे रानात लाकूड तोडणं, सामुदायिक शेतावर राबणं, हे त्यांच्या वाट्याला आलं. भूक, थंडी आणि टायफस यांनी घरंच्या घरं रिकामी केली. काही मुलांना शाळा मिळाली, पण ती रशियन भाषेतली. बाकीच्यांना तीही नाही.

जून १९४१ मध्ये जर्मनी रशियावरच उलटली आणि पारडं फिरलं. ३० जुलै १९४१ ला लंडनमधलं पोलंडचं परागंदा सरकार आणि रशिया यांच्यात करार झाला. कैदेतल्या पोलिश लोकांना सोडण्याचं ठरलं आणि जनरल आंदेर्स यांच्या हाताखाली फौज उभी राहू लागली. फौजेच्या आसऱ्याने बायकामुलंही दक्षिणेकडे निघाली. १९४२ साली सुमारे १ लाख १५ हजार माणसं कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. जवान पुढे रणांगणाकडे गेले. मागे उरल्या बायका, म्हातारी माणसं आणि मुलं. त्यांनी जायचं कुठे?

त्यांतली काही पूर्व आफ्रिकेत गेली, काही मेक्सिकोत, काही न्यूझीलंडला. काही कराचीमार्गे आपल्याकडे आली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे अनाथ मुलांना आसरा दिला, ती गोष्ट प्रसिद्धच आहे. मोठी वसाहत मात्र झाली ती कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याला. सुमारे ५,००० माणसं तिथे राहत होती. खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारने सोसला. चटयांच्या भिंतींच्या आणि कौलारू छपरांच्या बराकी, देऊळ म्हणजे त्यांचं चर्च, इस्पितळ, दुकानं, नाटकगृह, असं एक लहानसं पोलंडच तिथे वसलं. आणि पहिल्यापासून उभ्या राहिल्या त्या शाळा: प्राथमिक शाळा, गिम्नाझियम, लिसियम, शिक्षिका तयार करणारा वर्ग आणि धंदेशिक्षणाचा वर्गसुद्धा.

शिक्षक श्रोत्यांनी इथे जरा थांबून विचार करावा. या वर्गात बसलेली मुलं एका वयाची नव्हती. दोन-तीन वर्षं वाया गेलेली. कुणी पंधराचं, कुणी अठराचं, आणि दोघांचं पुस्तक एकच. कुणाचे वडील सैन्यात, कुणाचे बेपत्ता, कुणाची आई वाटेतच राहिलेली. शिकवणाऱ्या बहुतेक बायका, त्याही त्याच मालगाडीतून आलेल्या. पाठ्यपुस्तकं फार थोडी. बाईंनी सांगायचं आणि मुलांनी वहीत उतरून घ्यायचं. पुढे पोलिश लोकांनी जेरुसलेमला पुस्तकं छापायला घेतली, तेव्हा कुठे ओढ कमी झाली. भूगोलाच्या तासाला व्हिस्तुला नदी शिकायची आणि खिडकीबाहेर पाहावं तर पंचगंगेकाठचा ऊसमळा. नाताळची गाणी बर्फाची, आणि अंगाला मात्र घाम! पण शाळा एक दिवसही सैल सोडायची नाही, असा त्या बायकांचा कटाक्ष असे. परत जायचं आहे, तेव्हा मुलं मागे राहता कामा नयेत, एवढं एकच त्यांच्या मनात.

आता या गोष्टीतला खरा पेच सांगतो. परत जायचं, पण कुठे? मे १९४४ मध्ये इटलीत मॉन्ते कसिनोचा डोंगर आंदेर्सच्या पोलिश सैनिकांनी सर केला. छावणीत आनंद झाला आणि घराघरांत काळजीही पसरली, कारण लढणारे त्यांचेच बाप आणि भाऊ होते. त्यानंतर फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे तीन बड्या राष्ट्रांचे पुढारी बसले आणि पूर्व पोलंड रशियाकडे राहावा असं ठरलं. छावणीतल्या बहुतेकांची घरं नेमकी त्याच मुलखात होती! ५ जुलै १९४५ ला ब्रिटिशांनी लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. म्हणजे बघा, ज्या राज्याच्या अभ्यासक्रमाप्रमाणे मुलं शिकली, त्या राज्याचं सरकार राहिलं नाही. ज्या गावी जायचं, ते गाव परदेशात गेलं. आणि तरीही १९४६ साली, १९४७ साली मुलं परीक्षेला बसली. परीक्षा झाल्या, दाखले दिले गेले.

मला स्वतःला इतिहासातल्या पुष्कळ लढायांपेक्षा ही परीक्षा मोठी वाटते. तो दाखला कुठे चालेल, याची खात्री द्यायला कुणी नव्हतं. तरी बाईंनी पेपर तपासले. चुकलेल्याला चुकलं म्हटलं, पास झालेल्याला पास म्हटलं. निर्वासित म्हणून गुणांची खैरात केली असती, तर ती दया ठरली असती, शिक्षण ठरलं नसतं.

आणखी एक बाजू आहे, ती झाकून ठेवणं बरं नव्हे. ही मंडळी आली १९४३ साली. त्याआधी काहीच महिने, डिसेंबर १९४२ मध्ये, याच संस्थानात गारगोटीच्या कचेरीवर स्वातंत्र्यसैनिकांनी हल्ला केला होता आणि त्यात आपले तरुण धारातीर्थी पडले होते. 'चले जाव'च्या हाकेसरशी पुष्कळ मुलांनी शाळा-कॉलेजं सोडली होती. पोलंडच्या स्वातंत्र्यासाठी आम्ही लढतो असं सांगणारा इंग्रज आपल्या देशाला मात्र स्वातंत्र्य देत नव्हता. कोल्हापुरातल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या मनात हा सवाल उठला असेल, तर तो रास्तच होता. पण त्या रागाचा वचपा कुणी छावणीतल्या पोरांवर काढला नाही. बाजार चालू राहिला, शेजार चालू राहिला. सत्ताधीशाशी भांडण आणि पोरक्या पोराशी माया, या दोन गोष्टी एका मनात नांदू शकतात, हे आपल्या माणसांनी दाखवलं.

१९४८ पर्यंत छावणी उठली. बरेच जण सैन्यातल्या नातलगांमागोमाग इंग्लंडला गेले, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी कॅनडा-अमेरिकेला, थोडे पोलंडला. बराकी फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीने घर गमावलेले सिंधी बांधव तिथे येऊन राहिले आणि त्यांच्या कष्टांतून आजचं गांधीनगर उभं राहिलं. एका निर्वासिताने सोडलेल्या खोलीत दुसऱ्या निर्वासिताने चूल पेटवली.

त्या शाळेतली मुलं पुढे म्हातारी झाली. जगभर पांगलेल्या या मंडळींनी इंग्लंडमध्ये संघटना केली, आठवणी गोळा केल्या, २००० साली त्यांचं जाडजूड पुस्तक काढलं. त्या आठवणींत पुन्हा पुन्हा येतं ते ऊन, फळं, बालवीरांची पथकं, नाटकं आणि शाळा. वळिवड्याची वर्षं सुखाची होती, असं पुष्कळजण म्हणतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे वाचताना थोडं सावध असावं. मुलांना जे सुख दिसलं, त्यामागे आयांचं जागरण होतं. पण आयांनी फारसं लिहून ठेवलं नाही. सैबेरियात जे गेले, ते काहीच सांगू शकत नाहीत. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीतही पोलिश नावांच्या कबरी आहेत. आठवण ही साक्ष खरी, पण ती वाचलेल्याची साक्ष असते. ती ऐकावी, आणि ज्यांना बोलता आलं नाही त्यांचीही आठवण ठेवावी.

सप्टेंबर २०१९ मध्ये, युद्ध सुरू झाल्याला ८० वर्षं झाली तेव्हा, त्यांतली काही वृद्ध मंडळी कोल्हापूरला येऊन गेली. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे जाऊन फुलं वाहिली. आपल्या जिल्ह्याचं नाव परदेशात दगडावर कोरलं गेलं, ते कुणी लढाई जिंकली म्हणून नव्हे. परक्याच्या मुलांना शाळेपुरती जागा दिली म्हणून.

जाता जाता शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वळिवड्याच्या मुलांनी म्हातारपणी का होईना, सारं लिहून ठेवलं. आपल्या गावातही असे वर्ग आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर शाळेच्या पडक्या भिंतीशेजारी बसून शिकलेली मुलं आज आजोबा-आजी झाली आहेत. १९७२ च्या दुष्काळात सकाळी शाळा आणि नंतर आईबरोबर खडी फोडायला जाणारी मुलं आहेत. एखाद्या शनिवारी त्यांना वर्गात बोलवा. आपल्या विद्यार्थ्यांना वही-पेन्सिल घेऊन समोर बसवा आणि एकच प्रश्न विचारायला सांगा: "त्या वर्षी तुमची शाळा कशी चालली?" उत्तर जसं येईल तसं लिहून घ्या. तेवढाही इतिहास पुष्कळ आहे.