नावाविना नाणी आणि घंटेचा वक्र

आजचा थ्रेड लांबणार आहे. त्यात थोडे गणितही आहे. ज्यांच्या फोनमध्ये आलेख काढणारा कॅल्क्युलेटर आहे, त्यांनी तो शेजारी उघडून ठेवावा. मात्र सुरुवात इतिहासापासूनच, आणि तीही नाशिक जिल्ह्यातून.

१९०६ साली सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा मोठा निधी सापडला. एच. आर. स्कॉट यांनी त्याची मोजदाद केली. नाणी भरली १३,२५०. ती सर्व क्षहरात क्षत्रप नहपानाची होती, आणि त्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली टेकडीची व उज्जैनची चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. पराभूत राजाच्या चेहऱ्यावर जेत्याचा शिक्का! नहपान आणि गौतमीपुत्र हे समकालीन होते की नव्हते, हा वाद त्या एका मडक्याने जवळजवळ संपवला.

जोगलटेंभीची नाणी बोलतात, कारण त्यांच्यावर नाव आहे. पांडवलेण्यांतील उषवदाताचा लेखही असाच बोलका. ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, एका सुवर्णाला ३५ कार्षापण, असा हिशेब तो चक्क दगडावर मांडून ठेवतो. पण त्याच्याही कितीतरी आधी, इसवी सनापूर्वीच्या सहाव्या-पाचव्या शतकापासून, या देशात चांदीची आहत नाणी चालत होती. त्यांच्यावर राजाचे नाव नाही, वर्ष नाही, एक अक्षरही नाही. सूर्य, टेकडी, हत्ती, झाड, चक्र अशी ठोकलेली चिन्हे तेवढी आहेत. मग कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे, हे ठरवायचे कसे?

या प्रश्नाला हात घातला तो एका गणितज्ञाने. दामोदर धर्मानंद कोसंबी हे मूळचे गोव्यातील कोसबेनचे, जन्म १९०७ चा. बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. हार्वर्डमधून १९२९ साली पदवी घेऊन ते परतले आणि तिसाव्या दशकात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. संख्याशास्त्र शिकायचे तर प्रत्यक्ष प्रश्न सोडवूनच शिकावे, असे त्यांच्या मनाने घेतले. परीक्षेतील गुणांवर त्यांनी हात बसवला आणि मग वळले ते आहत नाण्यांकडे. इतिहासाकडे ते आले ते या वाटेने, तराजू हातात घेऊन. आपल्याकडे कोसंबींची ओळख ‘मार्क्सवादी इतिहासकार’ एवढ्या दोन शब्दांत उरकली जाते; त्यात हा तराजू हरवतो, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आता नाण्याच्या वजनाकडे पाहू. आहत कार्षापणाचे मानक वजन ३२ रती, म्हणजे ५४ ग्रेन, म्हणजेच सुमारे साडेतीन ग्रॅम. चांदीच्या पट्टीतून तुकडे कापायचे आणि वजन जास्त भरले तर कोपरा छाटायचा, अशी ती पद्धत. कापणाऱ्याचा हात कधी किंचित इकडे, कधी किंचित तिकडे. अशा असंख्य लहान, परस्परांशी संबंध नसलेल्या चुका एकत्र आल्या, की वजनांचा आलेख घंटेच्या आकाराचा होतो. मधल्या वजनाची नाणी सर्वांत जास्त, आणि दोन्ही टोकांकडे ती झपाट्याने विरळ. हेच प्रसामान्य वितरण. द म्वाव्र यांनी १७३३ साली जुगाराच्या गणितात याचा माग काढला आणि गाउस यांनी १८०९ साली ग्रहांच्या वेधांतील चुकांना ते लावले. (कोपरा छाटण्यामुळे आहत नाण्यांची घंटा खरे तर थोडी कलते, कारण जड नाणी मुद्दाम हलकी केली जात. पण ते पुढचे बारकावे.)

नाणे बाजारात आले की दुसरी क्रिया सुरू होते. ते हातातून हातात जाते, थैलीत घासते, आणि दर वेळी चांदीचा अतिसूक्ष्म कण गमावते. एका व्यवहारात होणारी झीज कोणत्याही तराजूला कळणार नाही. हजारो व्यवहारांची मात्र कळते. शिवाय प्रत्येक नाण्याचे नशीब वेगळे. एखादे सावकाराच्या पेटीत वर्षानुवर्षे निजते, तर दुसरे रोज आठवडी बाजार फिरते. म्हणून काळ जाईल तशा दोन गोष्टी एकदम घडतात. नाण्यांचे सरासरी वजन उतरते आणि वजनांतील विखुरण वाढते. घंटा डावीकडे सरकते आणि पसरट होते. कोसंबींचा सारा युक्तिवाद या एका वाक्यावर उभा आहे.

हे पडताळायचे कसे? टाकल्याचे वर्ष छापलेली नाणी तर त्यांच्या खिशातच होती. चलनात असलेली ब्रिटिश अमदानीतील नाणी तोलून त्यांनी वयाबरोबर वजनाचे काय होते ते पाहिले आणि १९४२ साली ‘करंट सायन्स’मध्ये त्यावर टिपण लिहिले. वर्ष माहीत असलेल्या नाण्यांवर नियम तपासून मग तो वर्ष नसलेल्यांना लावायचा, ही साधी पण कडक शिस्त होती.

आता कॅल्क्युलेटर हातात घ्या. पुढचे आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, ते कोणत्याही निधीतले नाहीत. समजा, ताज्या नाण्यांचे सरासरी वजन ३.४० ग्रॅम आणि प्रमाण विचलन ०.०५ ग्रॅम आहे. ३.३० ग्रॅमहून हलकी नाणी किती निघतील? प्रसामान्य वितरणाचे फलन उघडले की यंत्र चार गोष्टी विचारते: खालची मर्यादा, वरची मर्यादा, सरासरी, प्रमाण विचलन. अनुक्रमे ०, ३.३०, ३.४० आणि ०.०५ भरा. उत्तर येते ०.०२२८, म्हणजे हजारात सुमारे २३. पडद्यावर घंटेच्या डाव्या टोकाची बारीक पट्टी रंगलेली दिसेल. ते क्षेत्रफळ म्हणजेच तुमचे उत्तर.

कोसंबींच्या काळी हे यंत्र नव्हते. वजनातून सरासरी वजा करायची, बाकीला प्रमाण विचलनाने भागायचे आणि आलेला आकडा छापील कोष्टकात शोधायचा. वरच्या उदाहरणात तो आकडा उणे २. लॉग टेबलची पाने उलटत बारावी काढलेल्यांना या कष्टांची थोडी कल्पना येईल.

पुढे जाऊ. समजा, हीच नाणी दीर्घकाळ फिरली. सरासरी ३.३० वर आली आणि प्रमाण विचलन ०.०८ झाले. यांतली किती नाणी अजूनही ३.४० किंवा त्याहून जड असतील? खालची मर्यादा ३.४०, वरची कोणतीही मोठी संख्या, १०० चालेल. उत्तर ०.१०५६. दहांत एक! म्हणजे ३.४० ग्रॅमचे एकच नाणे तुमच्या तळहातावर ठेवले, तर ते नवे की झिजलेले, हे गणित सांगू शकणार नाही. एकटे नाणे मुके असते.

पण अशी ५० नाणी घ्या आणि त्यांच्या सरासरीचा विचार करा. सरासरीचे विचलन काढताना ०.०८ ला ५० च्या वर्गमुळाने भागावे लागते (विद्यार्थी हमखास विसरतात ती पायरी हीच). येते सुमारे ०.०११३. आता विचारा, झिजलेल्या गटातील ५० नाण्यांची सरासरी ३.४० च्या वर जाण्याची शक्यता किती? यंत्र दशांशचिन्हापुढे पंधराहून अधिक शून्ये दाखवते. घडणारच नाही, असे म्हणायला हरकत नाही. जे एका नाण्याला सांगता आले नाही, ते ५० नाणी निःसंशय सांगतात. झीज तेवढीच पुन्हा झाली तर काय, तेही पाहा. सरासरी ३.२० होईल, पण प्रमाण विचलन ०.११ होणार नाही, ०.१० च्या आसपासच राहील. कारण बेरीज विचलनांच्या वर्गांची करायची असते.

कोसंबींना हजारो नाणी मिळाली ती तक्षशिलेच्या भीड टेकाडातून. तेथील १९२४ च्या निधीत हजाराहून अधिक आहत नाण्यांबरोबर अलेक्झांडरची दोन आणि फिलिप अरिडियसचे एक अशी ग्रीक नाणी होती, आणि तीही कोरी करकरीत. म्हणजे निधी पुरला गेला तो इसवी सनापूर्वी ३१७ च्या सुमारास. ई. एच. सी. वॉल्श यांनी या नाण्यांची वजने व चिन्हे १९३९ साली प्रसिद्ध केली. कोसंबींनी ती गटागटाने मांडली. नाण्यांच्या मागच्या बाजूस लहान लहान छाप असतात. ते जितके जास्त, तितके सरासरी वजन कमी, असा क्रम त्यांना आढळला. याचा अर्थ ते छाप शोभेचे नव्हते. व्यापारी किंवा सराफ नाणे ठरावीक काळाने तपासत आणि खूण करीत. एकेक छाप म्हणजे नाण्याच्या वयाची जणू गाठ. मग दर्शनी बाजूच्या पाच चिन्हांचे गट सरासरी वजनानुसार लावून त्यांनी नाव नसलेल्या राजांचा क्रम लावण्याचा प्रयत्न केला.

मौर्यकालीन नाण्यांचे चित्र निराळे दिसले. चांदीत तांब्याचे प्रमाण वाढलेले, घडण ओबडधोबड, आणि मुख्य म्हणजे वजनांचे विखुरण मोठे. हे विखुरण झिजेने आलेले नव्हते, टाकसाळीतच आलेले होते. कोसंबींनी त्यातून निष्कर्ष काढला की नाणी घाईघाईने पाडली जात होती आणि साम्राज्याच्या तिजोरीवर ताण होता. विखुरणाच्या एका आकड्यातून एका साम्राज्याची ओढाताण दिसावी, हे आजही थक्क करणारे आहे.

सगळ्यांना हे पटले असे नाही, आणि आक्षेप पोकळही नाहीत. जमिनीत शतकानुशतके पडलेल्या चांदीवर क्षार चढतात. साफ करताना कोणी आम्ल वापरले तर क्षारांबरोबर धातूही जातो, आणि मग आपण मोजतो ती बाजारातली झीज नसून प्रयोगशाळेतली असते. पैसा पुरून ठेवणारा माणूसही भोळा नसतो. तो जड नाणी निवडून ठेवतो आणि हलकी खर्चतो. दोन टाकसाळींची नाणी मिसळली तर एका घंटेऐवजी दोन घंटा एकमेकींत अडकतात. माझे मत विचाराल तर, झिजेचा नियम भक्कम आहे. त्यावरून लावलेला राजांचा क्रम तेवढा भक्कम नाही.

दुसरी वाट नाशिकमधूनच निघाली. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधनसंस्था १९८० साली सुरू झाली. परमेश्वरीलाल गुप्त आणि टी. आर. हार्डेकर यांचा मगध-मौर्य मालिकेतील आहत नाण्यांवरील ग्रंथ याच संस्थेने १९८५ साली प्रसिद्ध केला. चिन्हांचे गट कोणते आणि ते कोणत्या निधींत एकत्र सापडतात, यांवर त्यांची मांडणी मुख्यतः उभी आहे. संग्राहक आज ‘जीएच’ क्रमांक म्हणून जो उच्चारतात, तो याच दोघांच्या आद्याक्षरांचा. योगायोग असा, की कॅसिओचा पहिला आलेख काढणारा कॅल्क्युलेटर बाजारात आला तोही १९८५ सालीच. कोसंबी मात्र त्याच्या १९ वर्षे आधी गेले होते. ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये याच विषयावरचा त्यांचा लेख फेब्रुवारी १९६६ मध्ये आला, आणि त्याच वर्षी २९ जूनला पुण्यात त्यांचे निधन झाले.

हे सारे गणित एका अटीवर चालते. निधी अखंड हवा, आणि नाण्यांना चिंच किंवा आम्ल लागण्याआधीची वजने हवीत. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. तरीही नांगराला लागलेली मडकी वाटून घेतली जातात. काही नाणी सराफाच्या मुशीत वितळतात, तर काही घासून, चकचकीत करून एकेक विकली जातात. अशा एका सुट्या नाण्यावर चिन्हे वाचता येतात, जीएच क्रमांकही सांगता येतो. सरासरी मात्र काढता येत नाही आणि विखुरण तर नाहीच. जोगलटेंभीची १३,२५० नाणी एका ठिकाणी मोजली गेली, म्हणून त्यांतली ९,२७० पुन्हा ठोकलेली होती, दहांत सात, हे आपल्याला आज ठाऊक आहे.