शिकारी धनुष्याचा भार: वक्राग्र धनुष्य आणि त्याच्या निवडीची परंपरा

ज्या धनुष्याच्या दोन्ही बाहूंची टोके प्रत्यंचा चढवलेली असतानाही धनुर्धरापासून दूर, पुढच्या बाजूला वळलेली राहतात, त्याला वक्राग्र धनुष्य म्हणतात. तिरंदाजीच्या मैदानावर त्यालाच ‘रिकर्व्ह’ म्हटले जाते. साध्या धनुष्यात प्रत्यंचा केवळ टोकांशी जोडलेली असते, तर वक्राग्र धनुष्यात ती वळलेल्या भागावर काही अंतर टेकून राहते आणि ओढ वाढेल तशी त्यावरून सुटत जाते, त्यामुळे आरंभी बाहू आखूड असल्याप्रमाणे ताठ लागतात आणि शेवटच्या काही इंचांत तरफेची लांबी वाढल्याने भार एकाएकी चढत नाही. परिणामी अखेरचा भार तेवढाच ठेवूनही अशा धनुष्यात अधिक ऊर्जा साठवता येते आणि धनुष्याची लांबीही कमी राखता येते, जी सोय घोडेस्वाराला आणि झुडपांतून वाट काढणाऱ्या शिकाऱ्याला सारखीच मोलाची असते. मात्र असे धनुष्य प्रथमच हाती घेणाऱ्याने ते किती भाराचे निवडावे, हा प्रश्न त्याच्या रचनेइतकाच जुना आहे, आणि त्याला वेगवेगळ्या काळांत व प्रदेशांत मिळालेली उत्तरे परस्परांशी लक्षणीय प्रमाणात जुळतात.

वक्राग्र आकार एकसंध लाकडात टिकवणे कठीण असते, कारण उलट वळवलेले लाकूड ताणाखाली मोडते किंवा हळूहळू सरळ होते. आशियातील कारागिरांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे संयुक्त धनुष्य, अर्थात अनेक द्रव्ये एकत्र चिकटवून घडवलेले धनुष्य. त्याच्या गाभ्यात लाकडाची पातळ पट्टी असे. धनुर्धराकडच्या बाजूला, जिला धनुष्याचे पोट म्हणतात, शिंगाची पट्टी बसवली जाई, कारण शिंग दाब उत्तम सोसते. आणि लक्ष्याकडच्या बाजूला, म्हणजे पाठीवर, जनावरांच्या पायांतील व पाठीतील कंडरा ठेचून सुटे केलेले तंतू सरसात भिजवून थरांनी बसवले जात, कारण हे तंतू ताण सोसतात. प्रत्येक थर सावकाश वाळू द्यावा लागत असल्याने चांगले धनुष्य तयार होण्यास वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ लागे. भारतात यासाठी म्हशीचे शिंग वापरले जाई. सरस दमटपणाने सैल पडतो, म्हणून अशी धनुष्ये लाखेच्या व रंगांच्या लेपाने मढवली जात. कच्छमधील कमानगर या धनुष्ये घडवणाऱ्या व रंगवणाऱ्या समाजाने पुढे भिंतींवर चित्रे काढण्याची जी परंपरा उभी केली, ती आजही कमानगरी चित्रकला म्हणूनच ओळखली जाते. शस्त्राची मागणी संपल्यावर त्याच्या शोभेची कला मागे उरावी, हे या व्यवसायाच्या इतिहासातील फार बोलके उदाहरण आहे.

भारतीय ग्रंथांत धनुष्याच्या द्रव्यांचा विचार बारकाईने आलेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशा चार द्रव्यांची धनुष्ये सांगितली आहेत आणि प्रत्यंचेसाठी मूर्वा, रुई, ताग यांच्या तंतूंबरोबर कंडरांचाही उल्लेख आहे. त्याहून महत्त्वाचा, आणि प्रस्तुत विषयाच्या गाभ्याशी भिडणारा, विचार वसिष्ठाच्या नावाने प्रचलित असलेल्या धनुर्वेदात आढळतो. ज्या धनुर्धराला स्वतःचे धनुष्यच पीडा देते, त्याला लक्ष्य दिसत नाही, म्हणून धनुष्य आपल्या बळाच्या मानाने घ्यावे, असा त्या वचनाचा आशय आहे. त्यामागील निरीक्षण शरीरशास्त्राच्या दृष्टीने अचूक आहे: भार पेलण्यात खांद्याचे व पाठीचे स्नायू पूर्णपणे गुंतले की ओढलेला हात क्षणभरही स्थिर राहत नाही, श्वास कोंडतो, आणि धनुर्धर बाण नेमका सोडण्याऐवजी भारातून सुटका करून घेण्यासाठी सोडतो.

हेच तत्त्व उस्मानी तुर्कांनी शिक्षणाच्या शिस्तीत उतरवले. इस्तंबूलमधील ओकमेयदानी या विस्तीर्ण बाणमैदानाशी तिरंदाजांचा एक मठसदृश आश्रम जोडलेला होता, आणि तेथे नवशिक्याच्या हाती प्रथम ‘केपाझे’ नावाचे अत्यंत मऊ धनुष्य दिले जाई, ज्यावर बाण न लावता केवळ ओढण्याचा आणि सैल सोडण्याचा सराव दीर्घकाळ करावा लागे. त्यानंतर टप्प्याटप्प्याने अधिक भाराची धनुष्ये हाती येत. विशिष्ट प्रकारचा बाण 900 गेझ, म्हणजे सुमारे 600 मीटर, अंतरावर टाकून दाखवणाऱ्यालाच आश्रमाच्या नोंदवहीत स्थान मिळे, आणि गुरूच्या हातून धनुष्याची मूठ स्वीकारण्याचा विधी होई. दुसऱ्या महमूद सुलतानाच्या आज्ञेवरून मुस्तफा कानी याने या विद्येवर लिहिलेला ग्रंथ 1847 मध्ये छापला गेला. तोवर युद्धातील धनुष्याचे दिवस संपले होते, तरी शिक्षणक्रमाची इतकी सविस्तर नोंद त्यामुळे मागे राहिली, ही पुढच्या पिढ्यांच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट ठरली. त्याआधी 18 व्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील तुर्की वकिलातीचा चिटणीस महमूद एफेंदी याने अशाच धनुष्याने 400 यार्डांहून दूर बाण टाकून इंग्रज तिरंदाजांना थक्क केले होते. यू वृक्षाच्या लाकडाच्या लांब, सरळ धनुष्यावर, म्हणजे लाँगबोवर, ज्यांची श्रद्धा होती, त्यांच्या हातून एवढे अंतर गाठले जात नव्हते.

शिकारीसाठी धनुष्य वापरण्याचा आधुनिक छंद मात्र इंग्लंडमध्ये नव्हे, तर अमेरिकेत रुजला, आणि त्याचा उगम एका शोकांतिकेशी जोडलेला आहे. कॅलिफोर्नियातील याही या मूलनिवासी जमातीचा संहार झाल्यावर उरलेला एकमेव माणूस, जो ‘इशी’ या नावाने ओळखला गेला, 1911 मध्ये ओरोव्हिल गावाजवळ सापडला आणि आयुष्याची शेवटची वर्षे त्याने सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या मानवशास्त्र संग्रहालयात काढली. 1916 मध्ये क्षयाने त्याचा मृत्यू झाला. तेथील रुग्णालयाचे शल्यवैद्य सॅक्स्टन पोप यांनी त्याच्याकडून धनुष्य घडवण्याची व चालवण्याची विद्या आत्मसात केली. इशीचे धनुष्य पहाडी जुनिपरच्या लाकडाचे, पाठीवर कंडरातंतू बसवलेले, टोकांशी किंचित पुढे वळलेले आणि आखूड होते, आणि त्याचा ओढभार, म्हणजे धनुष्य पूर्ण ओढले असता बोटांवर येणारा भार, सुमारे 40 ते 45 पौंडांच्या आसपास होता. एवढ्या भारावर तो हरणे मारीत असे, कारण अंगाचा वास लपवणे, संकटात सापडलेल्या सशाच्या आवाजाची नक्कल करून सावजाला जवळ बोलावणे आणि अंतर पावलांवर आल्याशिवाय बाण न सोडणे, या गोष्टींत त्याचे खरे सामर्थ्य होते.

पोप आणि त्यांचे सहकारी आर्थर यंग यांनी इशीची सावधता घेतली, परंतु धनुष्याच्या बाबतीत ते इंग्रज परंपरेकडे वळले. अस्वलासारख्या मोठ्या प्राण्यांसाठी त्यांनी यू लाकडाची, 65 पौंड व त्याहून अधिक भाराची लाँगबो धनुष्ये वापरली. 1920 मध्ये कॅलिफोर्नियाच्या विज्ञान अकादमीसाठी यलोस्टोन परिसरात ग्रिझली अस्वले मिळवण्याची त्यांची मोहीम याच धनुष्यांवर झाली. पोप यांचे शिकारीवरील पुस्तक 1923 मध्ये प्रसिद्ध झाले आणि अनेक तरुणांना त्याने या छंदाकडे ओढले. मात्र त्यातून जड धनुष्य म्हणजेच शिकारी धनुष्य, असा समजही पसरला. पोप यांचा तसा आग्रह नव्हता, पण अस्वलांच्या कथा वाचणाऱ्या नवशिक्याला त्या कथांतील धनुष्यच हवेसे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात बाण गोळीप्रमाणे धक्क्याने मारीत नाही. त्याचे रुंद, वस्तऱ्यासारखे धारदार फाळ रक्तवाहिन्या कापतात आणि रक्तस्रावाने प्राणी मरतो. त्यामुळे फाळाची धार आणि बाण नेमका छातीच्या पोकळीत लागणे, या दोन गोष्टींपुढे भारातील 10 पौंडांचा फरक दुय्यम ठरतो.

1934 मध्ये विस्कॉन्सिन राज्याने हरणांच्या शिकारीसाठी केवळ धनुष्यबाणाचा स्वतंत्र हंगाम जाहीर केला, आणि इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले. त्याच वर्षी पॉल क्लॉपस्टेग यांचे तुर्की तिरंदाजीवरील व संयुक्त धनुष्यावरील पुस्तक निघाले, ज्याचा आधार मुस्तफा कानीचाच ग्रंथ होता. क्लॉपस्टेग, बेल प्रयोगशाळेतील भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन आणि अभियंता फॉरेस्ट नेगलर यांनी अतिवेगवान छायाचित्रण व गणित यांच्या साहाय्याने दाखवून दिले की, इंग्रज लाँगबोचा जाड, गोलाकार छेद ऊर्जा वाया घालवतो आणि सपाट, रुंद बाहू अधिक कार्यक्षम असतात. त्यांचे लेख 1947 मध्ये एकत्रित स्वरूपात प्रसिद्ध झाले. शतकानुशतके हाताने पारखून सिद्ध झालेल्या पौर्वात्य रचनेचा मोठेपणा असा पाश्चात्त्य प्रयोगशाळेत मोजला गेला.

या ज्ञानाला बाजारपेठ मिळवून देणारा माणूस म्हणजे फ्रेड बेअर. आर्थर यंग यांच्या अलास्कातील शिकारीचा चित्रपट पाहून या छंदाकडे वळलेल्या बेअर यांनी मिशिगनमधील ग्रेलिंग येथे कारखाना उभा केला आणि 1950 च्या दशकात काचतंतू व मेपल लाकूड यांचे थर चिकटवून ‘कोडियाक’सारखी शिकारी वक्राग्र धनुष्ये मोठ्या संख्येने बनवली. काचतंतूने शिंग व कंडरा या दोहोंची जागा घेतली आणि दमट हवेची भीती संपली. धनुष्य दुकानातून विकत मिळू लागले, तेव्हा निवडीचे स्वरूपही बदलले: पूर्वी कारागीर धनुर्धराकडे पाहून बाहू तासून हलके करीत असे, आता धनुर्धराला बाहूवर छापलेला आकडा वाचून निवड करावी लागली. हा आकडा 28 इंचांच्या ओढीवर मोजलेला असतो, आणि प्रत्येक इंचाला भार साधारण 2 ते 3 पौंडांनी बदलतो, म्हणून 26 इंच ओढ असणाऱ्याला 45 पौंडांचे धनुष्य प्रत्यक्षात 40 पौंडांच्या आसपास लागते. लांबीचाही विचार असाच करावा लागतो. लक्ष्यवेधासाठी 66 ते 70 इंचांची धनुष्ये पसंत केली जातात, तर झाडीत वावरणाऱ्या शिकाऱ्याला 58 ते 62 इंच सोयीचे पडतात. परंतु फार आखूड धनुष्यावर पूर्ण ओढीच्या वेळी प्रत्यंचेचा कोन तीव्र होऊन बोटे चिमटली जातात, आणि नवशिक्याचा बाण तेथेच बिघडतो.

1969 मध्ये मिसुरी राज्यातील हॉलेस विल्बर ॲलन यांना चाकांच्या धनुष्याचे, म्हणजे कंपाउंडचे, पेटंट मिळाले. त्यात पूर्ण ओढीवर भार बराच कमी होत असल्याने अमेरिकी शिकाऱ्यांनी वक्राग्र धनुष्य झपाट्याने सोडले. ऑलिंपिकमध्ये मात्र 1972 च्या म्युनिक स्पर्धेत तिरंदाजी परतली ती याच धनुष्यासह, आणि साताऱ्याच्या प्रवीण जाधव यांनी टोकियोत भारतासाठी हेच धनुष्य हाती घेतले. त्याच 1972 सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये भारतात शिकारीस बंदी असल्याने येथे त्याचा उपयोग लक्ष्यवेधापुरताच राहिला आहे. अमेरिकेत 1980 च्या दशकापासून पारंपरिक धनुष्याकडे शिकाऱ्यांचा एक वर्ग पुन्हा वळला, आणि अनुभवी धनुर्धर आज पहिल्या धनुष्यासाठी सरसकट 60 पौंडांची शिफारस करीत नाहीत; कायद्याने अनेक राज्यांत घातलेली 35 ते 40 पौंडांची किमान मर्यादा पाळून, स्वतःच्या ओढीवर 40 ते 45 पौंडांच्या आत राहावे, किंबहुना सराव त्याहूनही हलक्या बाहूंवर सुरू करावा, असे ते सांगतात. हा भार जवळपास इशीच्या धनुष्याचाच आहे, आणि हरणासारख्या सावजासाठी जवळच्या अंतरावरून तो पुरेसा आहे.