खिम्याच्या पोटातलं धान्य

बॉस्टनच्या फॅनी फार्मर यांच्या पुस्तकाने अमेरिकेच्या स्वयंपाकघराला मोजूनमापून रांधायची सवय लावली. ते पहिल्यांदा निघालं १८९६ साली. त्याच्या १९१८ च्या आवृत्तीत वासराच्या मांसाच्या लोफची एक कृती आहे. तीन पौंड, म्हणजे सुमारे १३५० ग्रॅम, बिनचरबीचं मांस घ्या, वरचे पापुद्रे काढा, यंत्रातून बारीक करून घ्या. इथपर्यंत आजच्या हृदयरोगतज्ज्ञाचीही काही हरकत नसेल. पण लगेच बाई त्यात अर्धा पौंड खारवलेली डुकराची चरबी घालायला सांगतात. मग सहा क्रॅकर बिस्किटांचा चुरा, थोडं क्रीम, लिंबाचा रस, मीठ, मिरी, कांद्याच्या रसाचे काही थेंब. हे सगळं पावाच्या साच्यात दाबून भरायचं आणि मंद आचेवर तीन तास भाजायचं. भाजताना वरून आणखी पाव कप चरबी सोडत राहायची. एवढ्यानेही भागत नाही. ती चरबी आत मुरावी म्हणून गोळा अधूनमधून टोचायचा.

हा सगळा खटाटोप एकाच भीतीपोटी आहे: बिनचरबीचं मांस भाजलं की कोरडं पडतं, चिपाडासारखं लागतं. हृदयाला मानवेल असा मीटलोफ करू पाहणाऱ्या प्रत्येकापुढे आजही नेमकी हीच अडचण असते, आणि त्याला चरबीची वाट बंद असते. त्याच्यासाठी दुसरी वाट फार्मरबाईंच्या कृतीतच आहे, फक्त ती दबून गेलेली आहे. ती म्हणजे ती सहा बिस्किटं. मीटलोफच्या इतिहासाकडे मी त्या बिस्किटांच्या बाजूने पाहते.

ज्यांनी तो खाल्लेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर, खिम्यात भिजवलेला पाव किंवा ओट्स, अंडं आणि कांदा कालवून लांबट गोळा करायचा, तो ओव्हनमध्ये भाजायचा आणि काप करून वाढायचा. कटलेटच्या खिम्यात पाव भिजवून, पिळून घालणाऱ्या कुणालाही यातलं मर्म सांगावं लागणार नाही.

खिम्यात धान्य घालण्याची एक फार जुनी लेखी नोंद रोमन आहे. आपिकियुसच्या नावावर चालत आलेल्या पाकसंग्रहात बारीक केलेल्या मांसात दारूत भिजवलेला पांढऱ्या पावाचा गर घालतात. सोबत मिरी, चिलगोजे आणि माशांपासून आंबवलेलं खारं पाणी. मग त्याचे गोळे प्राण्याच्या आतड्यांभोवतीच्या जाळीदार चरबीत गुंडाळून, आटवलेल्या द्राक्षरसात शिजवायचे. मिरी भारतातून जहाजाने येत होती, पांढरा पाव श्रीमंतांच्या घरचा होता. म्हणजे इथे पाव काटकसर म्हणून आलेलाच नाही. तो आला मांस मऊ राहावं म्हणून. कुळकथेतला हा पहिला धागा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण मीटलोफ म्हणजे गरिबीत वाढवून वाढवून केलेलं जेवण, एवढीच त्याची ओळख पुष्कळदा सांगितली जाते.

दुसरा धागा मात्र खरोखरच काटकसरीचा आहे, आणि अमेरिकी मीटलोफचं माहेर तिथे आहे. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात येऊन वसलेल्या जर्मन शेतकऱ्यांकडे हिवाळ्याच्या तोंडाशी डुकरं कापली जात. मांड्या धुरावायला जात, चरबी वितळवून डब्यांत जाई. उरत ती मुंडकी, हाडं आणि त्यांना चिकटलेलं मांस. ते मोठ्या लोखंडी कढईत तासन्‌तास उकळायचं, हाडं वेचून काढायची, मांस चिरायचं आणि परत रश्श्यात टाकायचं. मग त्या उकळत्या रश्श्यात एका हाताने मक्याचं आणि कुट्टूचं पीठ भुरभुरायचं, दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. मिरी आणि सेजचा पाला घालायचा. ढवळणं जड झालं की ते पावाच्या साच्यांत ओतायचं. गार झाल्यावर त्याची घट्ट वडी होई. न्याहारीला तिचे काप पाडून तव्यावर कुरकुरीत परतत. तिला स्क्रॅपल म्हणतात, आणि फिलाडेल्फियात ती आजही मिळते. ओहायोतल्या सिनसिनाटीच्या जर्मनांनी पिठाच्या जागी जाडे भरडलेले ओट्स घातले. त्यांच्या वडीचं नाव गेटा. मांस, अख्खं धान्य, पावाचा साचा आणि काप, हे सगळं इथे जमून आलेलं दिसतं.

हे दोन्ही धागे एकत्र आले ते एका यंत्रामुळे. खिमा हाताने करायचा तर लाकडी फळीवर दोन सुऱ्यांनी कुटत बसावं लागे. त्यामुळे बारीक मांसाचे पदार्थ एक तर नोकरचाकर असलेल्या घरांत होत, नाही तर खाटकाकडून येत. हाताने फिरवायच्या खिमा-यंत्राचं श्रेय सहसा जर्मनीच्या कार्ल ड्राइस यांना दिलं जातं. सायकलची पूर्वज ठरलेली लाकडी दुचाकी १८१७ साली रस्त्यावर आणणारे तेच हे गृहस्थ. पण हे यंत्र सामान्य अमेरिकी घरांत पोहोचलं १८८० च्या दशकात, फिलाडेल्फियाच्या एंटरप्राइज कंपनीच्या कारखान्यातून: टेबलाच्या कडेला आवळायचं, कल्हई केलेल्या बिडाचं. दांडा फिरवला की आतला मळसूत्री दांडा मांस पुढे ढकलतो आणि भोकं पाडलेल्या चकतीवर फिरणारं पातं ते कापतं. त्याच सुमारास शिकागोहून गुस्ताव्हस स्विफ्ट यांचे बर्फाने थंड ठेवलेले रेल्वेचे डबे पूर्वेकडच्या शहरांत बीफ आणू लागले होते. चिवट, स्वस्त तुकड्यांना आता घरबसल्या मऊ करता येऊ लागलं, आणि मीटलोफ घरोघर पोहोचला.

पुढच्या अर्ध्या शतकात त्यातलं धान्य वाढतच गेलं. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा हर्बर्ट हूव्हर यांच्या अन्न प्रशासनाने लोकांना बिनमांसाचे आणि बिनगव्हाचे दिवस पाळायला सांगितलं. साहजिकच पावाच्या जागी ओट्स आणि मका आला. १९३० च्या दशकातली मंदी, मग १९४३ पासून मांसावर आलेलं रेशन. प्रत्येक वेळी तोच अर्धा किलो खिमा आणखी दोन माणसांना पुरवायचा होता, आणि प्रत्येक वेळी धान्यानेच तो पुरवला. क्वेकर कंपनीच्या ओट्सच्या डब्यावरही मीटलोफची कृती छापून येऊ लागली.

दुसरं महायुद्ध संपलं, हाती पैसा आला आणि चरबी परतली. खिमा मनसोक्त तेलकट झाला, वर केचपचा थर आला, आणि १९५२ साली लिप्टनने कांद्याच्या सुपाची पूड बाजारात आणल्यावर कांदा चिरायचेही कष्ट उरले नाहीत. त्या पुडीबरोबर किती मीठ आत जातंय, याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

सप्टेंबर १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर डेन्व्हरला सुट्टीवर होते. २३ तारखेला ते गोल्फ खेळले, दुपारी हॅम्बर्गर आणि कच्चा कांदा खाल्ला, आणि पोटात बिघडलंय असं त्यांना वाटू लागलं. मध्यरात्रीनंतर छातीत कळ आली. तो हृदयविकाराचा झटका होता. अर्थात एका हॅम्बर्गरने कुणाला झटका येत नाही, आणि १९४९ मध्ये सोडेपर्यंत ते भरपूर सिगारेटी ओढत आले होते. पण सोमवारी २६ तारखेला बॉस्टनचे डॉ. पॉल डडली व्हाइट पत्रकारांसमोर बसले आणि रक्तवाहिनी कशी अडते हे साध्या शब्दांत सांगू लागले. त्या दिवशी न्यूयॉर्कचा शेअर बाजार सहा टक्क्यांहून अधिक कोसळला. हृदयविकार हा तोवर घराघरातला, दबक्या आवाजात बोलायचा विषय होता. आता तो जेवणाच्या टेबलावरचा विषय झाला. १९५८ मध्ये मिनेसोटाच्या ॲन्सेल कीज यांनी सात देशांतल्या पुरुषांचा आहार आणि हृदयविकार यांचा अभ्यास सुरू केला. १९६१ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने संपृक्त चरबी कमी करा, असं अधिकृतपणे सांगितलं. कीज यांच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली. पण संपृक्त चरबीने रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल वाढतं, हे त्यांच्यावर अवलंबून नसलेल्या प्रयोगांतूनही ठरलेलं आहे.

मग खिम्याच्या पाकिटावर दोन आकडे दिसू लागले: ८०-२०, ९०-१०, ९३-७. पहिला मांसाचा, दुसरा चरबीचा. अर्धा किलो ८०-२० खिम्यात १०० ग्रॅम चरबी असते, ९३-७ मध्ये ३५ ग्रॅम. सहा जणांत वाटली तर कच्च्या हिशोबाने एकेकाच्या वाट्याला १७ ऐवजी ६ ग्रॅम येते. फरक मोठा आहे. पण त्याबरोबर फार्मरबाईंची जुनी अडचणही जशीच्या तशी परत येते: लोफ कोरडा.

इथे धान्याचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. मांस साठ अंशांच्या पुढे तापलं की त्याचे तंतू आखडतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. चरबी असेल तर ती वितळून त्या तंतूंना वंगण देते. चरबी नसेल तर तंतू एकमेकांना घट्ट धरतात. दुधात भिजवलेले ओट्स मध्ये असतील, तर ते दोन कामं करतात. तंतूंच्या मध्ये बसून त्यांना एकमेकांत गुंतू देत नाहीत, आणि बाहेर पडणारं पाणी स्वतःत धरून ठेवतात. रोमन आचाऱ्याला दारूत भिजवलेल्या पावाकडून हेच हवं होतं. त्यासाठी धान्य भिजलेलंच हवं. कोरडे ओट्स घातले तर ते मांसातलंच पाणी ओढून घेतात. ओट्स मिसळायला कितीही सोपे असले, तरी बिघडलेल्या लोफमागे पुष्कळदा एवढंच कारण असतं.

ओट्सला औषधाचा मान नंतर मिळाला. १९६३ मध्ये नेदरलँड्समधल्या दे ग्रोट आणि सहकाऱ्यांनी काही पुरुषांना रोज १४० ग्रॅम ओट्स घातलेला पाव खायला दिला, आणि त्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं. ओट्समधल्या बीटा-ग्लुकन या तंतूचा आतड्यात बुळबुळीत लगदा होतो. त्यात पित्ताम्लं अडकून शरीराबाहेर जातात, आणि नवी बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ओट्सच्या कोंड्याचं वेडच लागलं होतं. ते ओसरलं, आणि १९९७ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने शांतपणे एक आकडा मान्य केला: दिवसाला तीन ग्रॅम बीटा-ग्लुकन.

आता हिशोब करू. लोफमध्ये साठ ग्रॅम ओट्स आणि खाणारे सहा. एकाच्या ताटात दहा ग्रॅम ओट्स, म्हणजे साधारण ०.४ ग्रॅम बीटा-ग्लुकन. तीन ग्रॅमांपुढे हे फार थोडं आहे. ओट्स घातले की मीटलोफ औषध होतो, असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. ओट्सचा खरा उपकार वेगळा आहे: त्यांच्यामुळे बिनचरबीचं मांस खाण्याजोगं होतं, आणि तेवढ्याच ताटात मांस थोडं कमी लागतं.

म्हणून माझ्याकडची कृती अशी: साठ ग्रॅम साधे ओट्स अर्धा कप बिनसायीच्या दुधात दहा मिनिटं भिजवायचे. कांदा आणि दीडेकशे ग्रॅम मशरूम अगदी बारीक चिरून चमचाभर तेलात पाणी आटेपर्यंत परतायचे आणि गार करायचे. अर्धा किलो ९३-७ खिमा, एक अंडं, मिरी, भरपूर लसूण. हलक्या बोटांनी कालवायचं. कणकेसारखं मळलं तर लोफ रबरासारखा होतो. साच्यात भरू नये, उघड्या ट्रेवर हातानेच लांबट आकार द्यावा, म्हणजे सुटलेली चरबी बाजूला वाहून जाते. १७५ अंशांवर पाऊण-एक तास, आत ७१ अंश होईपर्यंत. कोंबडी किंवा टर्कीचा खिमा असेल तर ७४.

टर्कीबद्दल एक सावधगिरी. अमेरिकेतल्या मराठी घरांत मटार घालून टर्कीचा खिमा आता सहज शिजतो, आणि तो पांढरा दिसतो म्हणून हलका असणार असं धरून चालतात. पण नुसतं ‘ग्राउंड टर्की’ लिहिलेल्या पाकिटात कातडी आणि पायाकडचं मांसही असू शकतं, आणि मग त्याची चरबी बऱ्यापैकी बीफच्या जवळ जाते. पाकिटावर छातीचं मांस लिहिलंय का, ते पाहावं. आणि मीठ जपून घालावं. हार्ट असोसिएशनच्या मते सोडियम दिवसाला १५०० मिलिग्रॅमपर्यंत असलेलं उत्तम, २३०० च्या वर तर नकोच. केचप आणि सुपाच्या पुडीतून त्यातला मोठा वाटा एकाच कापात संपतो. वरच्या थराला केचपऐवजी टोमॅटो, व्हिनेगर आणि चिमूटभर गूळ आटवून लावला, तर रंगही येतो आणि आंबटगोड चवही.