छोट्या विमानांच्या इंजिनातील बर्फ : उबदार हवेतही धोका

पिस्टन इंजिनावर चालणाऱ्या छोट्या विमानांना बर्फापासून असलेला धोका केवळ शीत प्रदेशांपुरता मर्यादित नाही. बाहेरील तापमान २५ अंश सेल्सियसहून अधिक असतानाही इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ जमू शकतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या माहितीनुसार, २००० ते २०११ या काळात तेथील सुमारे २५० विमान अपघातांमागे कार्ब्युरेटरमधील बर्फ हे कारण किंवा एक घटक होता.

कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाताना तिचा दाब घटतो. तेथेच इंधनाची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता त्या हवेतूनच शोषली जाते. त्यामुळे तापमान तीस अंशांहूनही अधिक घसरू शकते. हवेतील बाष्प गोठून थ्रॉटलच्या झडपेभोवती साचते आणि इंजिनाचा श्वास कोंडू लागतो. तापमान २१ अंशांखाली आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांहून अधिक असताना हे घडण्याची शक्यता सर्वाधिक असते. मात्र ३८ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असतानाही ते अशक्य नाही. भारतातील पावसाळी हवा या कक्षेत सहज येते. विमान कमी शक्तीवर खाली उतरत असताना झडप जवळजवळ मिटलेली असते, त्यामुळे तेव्हा विशेष सावधगिरी आवश्यक ठरते.

पाती स्थिर कोनात बसवलेला पंखा असलेल्या विमानात इंजिनाचे फेरे हळूहळू कमी होणे, हे पहिले लक्षण होय. ही घट इतकी संथ असते की वैमानिक नकळत थ्रॉटल थोडा पुढे सरकवतो आणि लक्षण झाकले जाते.

यावरील उपाय म्हणजे ‘कार्ब हीट’. एक्झॉस्टच्या नळीभोवती तापलेली हवा कार्ब्युरेटरकडे वळवली जाते. खरी कसोटी येथेच लागते. गरम हवा विरळ असल्याने शक्ती आणखी घटते, वितळलेले पाणी इंजिनात जाऊन ते खडखडू लागते आणि उपायच अपाय ठरल्याचा भास होतो. अननुभवी वैमानिक घाबरून कार्ब हीट बंद करण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात ती पूर्ण उघडी ठेवून धीर धरल्यास बर्फ निघून जातो आणि फेरे पुन्हा वाढतात. विलंब मात्र परवडत नाही, कारण इंजिन बंद पडल्यास एक्झॉस्ट निवतो आणि उष्णतेचा स्रोतच नाहीसा होतो.

सेसना १७२ या लोकप्रिय विमानाचे उत्पादन १९८६ मध्ये थांबले आणि १९९६ मध्ये इंधन थेट फवारणाऱ्या इंजिनासह पुन्हा सुरू झाले. अशा इंजिनात कार्ब्युरेटर नसल्याने हा धोका उरत नाही. तथापि, हवेची गाळणी बर्फाने बुजू शकते. त्यासाठी पर्यायी हवेचा मार्ग ठेवलेला असतो.

पंखांवर जमणारा बर्फ हा वेगळा विषय आहे. शून्याखालील तापमानाच्या ढगांतील अतिशीत जलबिंदू विमानाला स्पर्श होताच गोठतात. बहुतेक छोट्या विमानांना अशा ढगांत शिरण्याची अनुमतीच नसते.

कार्ब्युरेटरमधील बर्फामुळे झालेल्या अपघातांचा तपास कठीण असतो. तपास पथक पोहोचेपर्यंत बर्फ वितळून गेलेला असतो आणि बहुतेक वेळा हवामानाच्या नोंदींवरच विसंबावे लागते.