प्रॉपेलर, विमानाचा
इंजिनाच्या फिरण्याचे विमानाला पुढे नेणाऱ्या बलात रूपांतर करणारा पात्यांचा संच. प्रत्येक पाते हा फिरता पंखच असतो: पुढच्या फुगीर बाजूवर हवेचा दाब घटतो, मागे वाढतो, हवा मागे फेकली जाते. हे तत्त्व राइट बंधूंनी १९०३ च्या विमानात यशस्वीपणे वापरले. त्यांच्या पंखांइतकेच हे कामही थोर आहे.

पात्याचे टोक बुंध्यापेक्षा खूप वेगाने फिरते. म्हणून पात्याला पीळ देतात. बुंध्याशी कोन मोठा, टोकाशी लहान. टोकाचा वेग ध्वनिवेगाजवळ गेला की कार्यक्षमता घसरते. उड्डाण घेताना कोन कमी लागतो, वेगात उडताना जास्त. बदलत्या कोनाची पाती दोन्ही साधतात. इंजिन बंद पडल्यास ती वाऱ्याच्या दिशेत वळवून रोध कमी करता येतो.

वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये घराच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी प्रॉपेलर विमान २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले. ही जिद्द दुर्मीळच. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या नाशिक येथील कारखान्यात एचटीटी-४० या चार पात्यांच्या प्रशिक्षण विमानाचीही बांधणी होते.